बेचाळीस चपात्या आणि सतरा नंबर

ऑस्ट्रेलियाहून आल्यावर पहिला आठवडा मी फोटो दाखवण्यात घालवला आणि त्यात माझी पुरती शोभा झाली. सोसायटीतल्या बायकांना ऑपेरा हाऊस हवं होतं, कांगारू हवा होता, निदान समुद्र तरी. माझ्या फोनमध्ये नुसती काळी गुरं. समोरून काळी गुरं, बाजूने काळी गुरं, धुक्यात काळी गुरं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शेवटी म्हणाल्या, "उषाताई, गुरंच बघायची होती तर विमानाचं तिकीट कशाला काढलंत? चाकणच्या बाजारात जाऊन यायचं होतं." त्यांना जिन्यात उभ्याउभ्या सांगून संपेना, म्हणून हे लिहायला बसले.

मी एकतीस वर्षं पोस्टात होते, त्यातली बरीचशी पार्सलच्या काउंटरवर. कुणी चुकताना दिसलं की मला गप्प बसवत नाही, आणि स्वतः चुकले की कबूल करायला दोन दिवस लागतात. या प्रवासात दोन्ही झालं.

आमच्या भागातून मुलं शिकायला ऑस्ट्रेलियाला जायची लाटच आली होती. बॅगा तोलायचा एक हुकाचा काटा आमच्या सोसायटीत घरोघर फिरायचा. तो मूळचा कुणाचा हे आता कुणालाच आठवत नाही. त्याच काट्यावर बॅग तोलून माझी भाची सायली, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, गेली. बाकीची सगळी कॉम्प्युटर नाही तर अकाउंटिंग शिकायला; ही शेतीचं शिकायला. शिक्षण संपल्यावर तिला सिडनीच्या बऱ्याच वर, एका फार्मवर नोकरी लागली. कसला फार्म, असं विचारलं की भाऊ सांगायचा, "डेअरी." सगळे खूश व्हायचे. दूध म्हटलं की कुणाला शंका येत नाही.

एकदा सायलीने मला एकटीला फोन केला. "आत्या, डेअरी नाहीये. बीफ आहे. बाबांना माहितीये, पण त्यांच्याच्याने बोलवत नाही. तू ये ना." मग खरी गोष्ट कळली. तिचा व्हिसा वर्षअखेर संपत होता. मालकाने बेचाळीस खोंड तिच्या एकटीच्या ताब्यात दिले होते. ते नीट वजनाला आणून वेळेवर ट्रकमध्ये चढवले, तर तो कागदांवर सही करून तिला कायमची ठेवून घेणार होता. नाहीतर बॅग भरून परत त्याच हुकाच्या काट्याच्या गावी.

मी भावाला न विचारता तिकीट काढलं.

कॅसल हिल

सिडनीत माझी मामेबहीण शुभा राहते, कॅसल हिलला. दोन दिवस तिच्याकडे होते. घर छान, रस्ते छान, माणसं मात्र घरात नसतात. शुभाच्या मुलाला मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्रजीतच येतं. मी विचारलं, "अभ्यास झाला का रे?" तो म्हणाला, "नो वरीज, मावशी." म्हणजे झाला की नाही, ते मला अजूनही कळलेलं नाही.

मी कुठे चालले ते ऐकून शुभाने कपाळाला हात लावला. "अगं, तिथे मैलोन्‌मैल तुला मुगाची डाळ दिसायची नाही." मग तिने दोन किलो डाळ, बेसन, गूळ, हळद, हिंग आणि कणकेची दहा किलोची पिशवी बांधून दिली. ती पिशवी लक्षात ठेवा. पुढे जे काही झालं ते तिच्यामुळे झालं.

पठारावर

सायली मला न्यायला यूट घेऊन आली. यूट म्हणजे पुढून मोटार आणि मागून टेम्पो. दारातून उतरलेली मुलगी मी क्षणभर ओळखलीच नाही. उन्हाने रापलेली, पायात गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर हॅट. मला उचलून गोल फिरवली तिने. पासष्ट किलोची आहे मी.

सात तासांनी पोचलो. आपला आषाढ म्हणजे तिकडची ऐन थंडी. सकाळी गवतावर गोठलेल्या दहिवराचा पांढरा थर, पावलाखाली करकर वाजणारा. उंच पठार, निलगिरीची झाडं आणि नजर जाईल तिथपर्यंत कुंपणंच कुंपणं. कुंपणाच्या आतल्या प्रत्येक तुकड्याला पॅडॉक म्हणतात. शेजारी कुठे राहतो म्हणून विचारलं तर सायलीने डोंगराच्या पलीकडे बोट केलं.

मालकाचं नाव ग्रॅहम. सत्तरीचा, काटकुळा, तोंडात माशी जाईल या भीतीने बोलावं तसं ओठ न हलवता बोलणारा. त्याची बायको पॅट. मांस न खाणाऱ्या पाहुणीला काय वाढायचं या विचाराने ती इतकी गांगरली, की लागोपाठ चार दिवस तिने भोपळाच केला. भोपळ्याचं सूप, भाजलेला भोपळा, भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव. स्कोन फार सुरेख होते, पण पाचव्या दिवशी मी पदर खोचला आणि पिठलं-चपाती केली. ग्रॅहमने चपातीला लोणी लावलं, त्यावर पिठलं पसरलं, गुंडाळी केली आणि न बोलता पाच खाल्ल्या. मग म्हणाला, "नॉट बॅड." सायली मराठीत कुजबुजली, "आत्या, याच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट कुणालाही मिळालेलं नाही."

बेचाळीस खोंड घरासमोरच्या पॅडॉकमध्ये होते. खच्ची केलेले, अँगस जातीचे, शिंगं नसलेले, चौकोनी पेटीला चार पाय लावावेत तसे. प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर नंबर. आपल्याकडे गुराला नाव असतं, इथे नंबर. दोन दिवसांत मी नंबरांनाच नावं समजायला लागले.

सायलीने मला तिचं काम समजावलं. ओटचं कोवळं पीक त्यांना चरायला सोडलेलं असतं, शिवाय चाकांच्या मोठ्या पेटीतून धान्य मिळतं. धान्य एकदम जास्त झालं तर पोट बिघडतं, कमी झालं तर अंगाला लागत नाही. दर पंधरवड्याला एकेकाला क्रशमध्ये, म्हणजे लोखंडी पिंजऱ्यात घ्यायचं, वजन करायचं आणि वहीत लिहायचं. साडेपाचशे किलोच्या आत भरला तर खरेदीदार घेत नाही, सव्वासहाशेच्या वर गेला तरी नाक मुरडतो.

"म्हणजे पार्सलसारखंच की!" मी म्हटलं. "वजनाचा टप्पा चुकला की माल परत."

"एक्झॅक्टली! आणि आत्या, आपल्या लोकांत हे न दचकता ऐकणारी तू पहिलीच."

दचकले नव्हते असं नाही. त्या संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून मी तिला विचारलंच, "तुला काही वाटत नाही का ग?"

ती म्हणाली, "वाटतं. मी खात नाही, तुला माहितीये. पण ही खाणार आहेत माणसं, मी असले काय, नसले काय. इथे आहेत तोवर यांना भूक, मार, भीती यातलं काही लागू नये, एवढं माझ्या हातात आहे. ते मी करते. बाबांना हे सांगायला गेले की ते टीव्हीचा आवाज वाढवतात."

मला तिचं पटलं की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. तिचा अभिमान मात्र वाटला, आणि तो मी तिला तिथेच बोलून दाखवला.

माझा प्रताप

आमच्या घरी तव्यावरची पहिली चपाती गाईची. आईने केलं, मी करते. पुण्यात आमच्या देवळाबाहेर एक बाई गाय घेऊन बसते, तिला रोज नेऊन देते. गेल्या चाळीस वर्षांत चुकलेले दिवस बोटांवर मोजता येतील. आता इथे स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर बेचाळीस तोंडं दिसत असताना पहिली चपाती काय मी खायची?

ही गाय नव्हे, असा विचार माझ्या मनात आला होता. पण गोग्रासाच्या बाबतीत गाईने आजवर तक्रार केलेली नाही, तर खोंड कशाला करेल, असं म्हणून मी पिठलं-चपातीच्या दुसऱ्याच सकाळी स्टीलच्या ताटलीत चपाती आणि गुळाचा खडा घेऊन कुंपणाशी गेले. ताटलीवर चमचा वाजवला आणि हाक मारली, "येऽऽ ये ये ये, घे!"

बेचाळीसांनी मान वर केली. एकच पुढे आला, सतरा नंबर. डाव्या कानाचं टोक फाटलेलं, नाक ओलं, डोळे भोळे. त्याने चपाती हुंगली, लांब राखाडी जीभ काढली आणि माझा हात मनगटापर्यंत चाटून काढला. मी देशी गाईसमोर कधी हसले नव्हते इतकी हसले.

तिसऱ्या दिवशी चार जण आले. मग अकरा. आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, म्हणून मी चपात्या वाढवल्या आणि तुकडे केले. आठवड्याने बेचाळीसच्या बेचाळीस कुंपणाशी रांगेत. मी आठ वाजता यायची, ते साडेपाचपासून उभे. मला वाटलं, काय माया लावली या मुक्या जिवांनी! सायली मोटारसायकलवरून आणि ग्रॅहम यूटमधून पहाटेच लांबच्या कालवडी बघायला जायचे आणि दहाला, स्मोकोच्या वेळी यायचे; पॅट उशिरा उठायची. स्मोको म्हणजे तिकडची कामाच्या मधली चहाची सुट्टी. तोवर ताटली धुऊन पालथी घातलेली असायची. मी लपवत नव्हते. पण सांगितलंही नव्हतं, हे खरं.

पंधरा दिवसांनी वजनं झाली. सायली वही घेऊन स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. दिवसाला जेवढं वजन चढायला हवं त्याच्या निम्मंच चढलं होतं. ट्रकला तीन आठवडे राहिले होते.

"जंत असतील," ती म्हणाली. शेणाची तपासणी झाली. जंत नव्हते. पाणी बघितलं, धान्य बघितलं. रात्री ती जेवली नाही. ग्रॅहम आपला नेहमीसारखा शांत. पॅडॉकमधून चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मागच्या बाजूचा ओट जशाचा तसा आहे. कुंपणाजवळ मात्र चिखल तुडवलाय. सकाळची चरायची वेळ ही पोरं कुंपणाशी उभी राहून घालवतायत. कशासाठी, ते काही मला उमगत नाही, मेट."

मला त्याच क्षणी उमगलं. माझ्या हातातला चहा निवला.

कबूल करायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी चपात्या बंद केल्या, तर ती बेचाळीस धटिंगणं कुंपणाशी उभी राहून हंबरायला लागली. दुसऱ्या संध्याकाळी सायली वहीकडे बघत म्हणाली, "आत्या, मला वाटतं मला हे जमत नाहीये." हे ऐकल्यावर मात्र मला राहवलं नाही.

"सायले, तुला सगळं जमतंय. ती माझी वाट बघतात." मी सांगून टाकलं. ताटली, चपाती, गूळ, सगळं.

तिने वही मिटली. "रोज? बेचाळीसांना?"

"आधी एकालाच. मग पंगत वाढली."

"आत्या! दोन-अडीच तास चरणं बुडतं त्यांचं! माझा व्हिसा, माझी नोकरी, आणि तू त्यांना..." ती उठून बाहेर गेली. मी भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. अर्ध्या तासाने ती ग्रॅहमला घेऊन आली. तिने त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने हॅट काढली, टेबलावर ठेवली आणि माझ्यासमोर बसला.

"उषा," तो म्हणाला, "दुष्काळात गुरं उतरलेली मी पाहिली. जंतांनी, कुत्र्यांनी, वणव्याने उतरलेली पाहिली. ब्रेडने उतरलेली पहिल्यांदा पाहतोय." आणि हा माणूस, ज्याचे ओठ हलत नाहीत, तो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मग सायली हसली. मी मात्र रडले, आणि मग मीही हसले.

शिक्षा लगेच झाली. बेचाळीस जणांची रवानगी ओढ्यापलीकडच्या पॅडॉकमध्ये, जिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसत नाही. ताटली जप्त. तिथे ते चरायला लागले. फक्त एक जण रोज सकाळी आठला ओढ्याशी येऊन हंबरायचा. आवाजावरून मला कळायचं, सतरा.

ट्रकचा दिवस

पुढच्या वजनात गाडी रुळावर आली होती. अगदी काठावर, पण आली होती. ट्रक अकराला यायचा होता. सकाळी सहाला उठून बाहेर पाहिलं तर हात पुढे केलेला दिसत नव्हता, इतकं धुकं.

सायली आणि ग्रॅहम ओसरीत उभे होते. ओढ्यापलीकडून गुरं आणायची तर मोटारसायकल आणि कुत्रे लागतात. धुक्यात गुरं बिथरतात, पळतात, कुंपणात घुसतात. पळाली की वजन उतरतं, आणि वजन काठावरच होतं. आजचा ट्रक गेला की पुढचा केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता.

"तुझा माल, तुझा निर्णय," ग्रॅहम तिला म्हणाला.

सायली आत आली. फडताळ उघडून तिने माझी ताटली काढली आणि माझ्यासमोर धरली. "आत्या, तुझी हाक अजून ओळखतील?"

मी खाली बसले. ती काय मागतेय हे तिलाही कळत होतं आणि मलाही. ज्या हाकेने मी त्यांना घास दिला, त्याच हाकेने त्यांना ट्रकपर्यंत न्यायचं. खूप वाईट वाटलं. नाही म्हणावंसं वाटलं. पण मग समोर उभी पोर दिसली, तिचे थंडीने फुटलेले हात दिसले आणि कुत्रे मागे लागलेली, तारांत अडकलेली गुरंही दिसली. त्यापेक्षा माझ्या मागून चालत आलेली बरी.

"बोलावते," मी म्हटलं. "पण रिकाम्या ताटाने नाही. मी 'घे' म्हणते ना त्यांना? मग प्रत्येकाला अख्खी चपाती मिळाली पाहिजे. बेचाळीस."

ग्रॅहमला तिने इंग्रजीत सांगितलं. त्याने घड्याळ पाहिलं, कोट काढला आणि पॅटचा फुलाफुलांचा एप्रन गळ्यात अडकवला.

ते दीड तास मी जन्मात विसरणार नाही. मी कणीक मळली, सायली लाटायला बसली, पॅट वाईनच्या बाटलीने लाटायला लागली आणि ग्रॅहम तव्यावर. तो चपाती उलटायचा ती गुरांच्या कानाला बिल्ला मारताना धरावी तितक्या काळजीने. पॅटची एकही चपाती गोल नव्हती. "त्यांना चालेल का?" ती दर वेळी विचारायची. शुभाची दहा किलोची पिशवी तळाला गेली. शेवटची चपाती उतरली तेव्हा ग्रॅहमच्या भुवयांनासुद्धा पीठ लागलं होतं.

पाटीत चपात्या, हातात ताटली, अशी मी ओढ्यापर्यंत गेले. समोर नुसतं पांढरं. चमचा वाजवला. "येऽऽ ये ये ये, घे!"

काही नाही. पुन्हा हाक मारली. मग धुक्यात कुणीतरी हंबरलं, आणि एक काळं नाक बाहेर आलं, फाटक्या कानाचं. त्याच्या मागे दुसरं, तिसरं. मी वळले आणि चालायला लागले. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पाय थांबले असते. पण सगळ्या खुरांचा आवाज सावकाश, न धावता, माझ्या मागून येत होता. सगळ्यात शेवटी सायली चालत होती, तिचाही काही आवाज नव्हता.

यार्डचं, म्हणजे वजनकाट्याच्या आवाराचं, फाटक लागलं. मी एकेकाला चपाती दिली. प्रत्येकाच्या कपाळाला हात लावला. त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

मग वजनं. सायली एकेक आकडा मोठ्याने वाचत होती आणि ग्रॅहम नुसती मान हलवत होता. एक्केचाळीस जण टप्प्यात बसले. सतरा नंबर काट्यावर चढला आणि सायली थांबली.

"पाचशे चव्वेचाळीस," ती म्हणाली. "सहा किलो कमी."

ज्याने माझ्या सगळ्यात जास्त चपात्या खाल्ल्या, सकाळचं चरणं सोडून सगळ्यात जास्त वेळ जो ओढ्याशी उभा राहिला, तोच कमी भरला होता. त्याला बाजूच्या फाटकातून परत पॅडॉकमध्ये सोडला. ट्रक एक्केचाळीस घेऊन गेला. धुकं विरत होतं. मी रडले आणि ते लपवलं नाही. पॅट माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

यूटच्या बॉनेटवर कागद ठेवून ग्रॅहमने सही केली. पीठ लागलेला त्याचा अंगठा कागदावर उमटला. सायलीने आधी त्याला मिठी मारली, मग मला, मग कुत्र्याला. मग तिने बाबांना फोन लावला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाबा, नोकरी पक्की झाली. बीफच्या फार्मवर." पलीकडे टीव्हीचा आवाज मात्र वाढला नाही. मग भाऊ म्हणाला, "थंडी फार असते ना ग तिथे? स्वेटर पाठवतो."

मला परत येऊन आता दोन महिने झाले. परवा सायलीचा व्हिडिओ कॉल आला. मागे ओढा, आणि ओढ्याशी फाटक्या कानाचा एक काळा मुखडा.

"आत्या, याने साधा ब्रेड तोंडात धरला नाही. शेवटी मी रोज एक चपाती लाटते. पण ती मिळाली तरी हलत नाही, सकाळभर इथेच उभा. परत वजन घटलंय, साडेपाचशेला पोचतच नाही. पुढचा ट्रक पंधरवड्यात आहे, काय करू सांग."

"काय करायचंय त्यात," मी म्हटलं. "चालू ठेव चपाती."